नावं सोडून रंगवलेलं घर

आमच्या देवणीकडच्या गावांत घराला बाहेरून रंग लागतो तो लग्नालाच. एरवी भिंतीचे पोपडे पडोत नाहीतर शेवाळ धरो, कुणी ढुंकून बघत नाही. लग्न ठरलं की रंगारी येतो, पुढची भिंत रंगवतो आणि दाराशेजारी नवरानवरीची नावं काढतो. वर गणपती, बाजूला दोन मोर. पुढं ती नावं पावसानं आपोआप जायची असतात. हातानं पुसायची नाहीत. ते कुंकू पुसल्यासारखं मानतात. साध्या रंगातली नावं दोन पावसाळ्यांत जातात, तोवर पोरगी सासरी रुळलेली असते.

माझ्या लग्नाची नावं चार पावसाळे झाले तरी जाईनात. कारण आमचे अण्णा. एकुलत्या एका लेकीचं लग्न म्हणून त्यांनी हौसेनं ऑइलपेंट आणवला होता. ‘चि. सुदर्शन’ आणि ‘चि. सौ. कां. उज्ज्वला’, दोन्ही तांबडीलाल, ठणठणीत.

लग्न मात्र ऑइलपेंटचं निघालं नाही. सुदर्शनचा हात सुटायचा. भाजीत मीठ कमी पडलं तरी सुटायचा, जास्त पडलं तरी सुटायचा. दिवाळीनंतर ओठ फुटला, तेव्हा मी सासरहून, हिमायतनगरहून सरळ एसटी धरली आणि माहेरी आले. पुन्हा जाणार नाही, हे उंबऱ्यातच सांगून टाकलं. मायनं ऐकलं. अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग बैठक ठरली. रविवारी माझे सासरे व्यंकटराव आणि सुदर्शन येणार, मला घेऊन जाणार. मला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. अण्णांनी तर सोयरे येणार म्हणून घर बाहेरून रंगवायला काढलं. माझं डोकंच फिरलं. मी काय बाजारात न्यायची गाय आहे, आधी शिंगं रंगवायला? तरी रंगवू दिलं. म्हटलं, त्या निमित्तानं ती नावं तरी रंगाखाली जातील.

रविवारी सकाळी बाहेर येऊन बघते तर अख्खी भिंत फिक्कट पिवळी झालेली, आणि दाराशेजारचा नावांचा चौकोन तसाच. दगडोबा रंगाऱ्यानं कडेनं ब्रश फिरवून, एका मोराच्या पिसालाही धक्का न लावता, बरोबर तेवढा तुकडा सोडला होता.

“दगडोबामामा, एवढं राहिलं की.”

“राह्यलं न्हाई बाई, सोडलंय. दोघंबी जिते हायत. मी काढलेली नावं मी कसा पुसू? पाप लागतंय.”

मी अण्णांकडं बघितलं. ते ओट्यावर बसले होते. “ऱ्हाऊ दे गं,” ते म्हणाले. “सोयरे बघतील. बरं दिसंल.”

बरं दिसंल! जुन्या भिंतीवर ती नावं निदान मळकी तरी झाली होती. आता नव्या रंगात, चौकटीत बसवलेल्या फोटोसारखी ती सगळ्या गल्लीला दिसत होती. मी दगडोबाच्या डब्यातला खरवडायचा पत्रा उचलला आणि शिडीवर चढले. शिडी डुगडुगली. माय चुलीपुढून उठून आली आणि पिठाच्या हातांनीच तिनं शिडी धरली.

“चढ,” ती म्हणाली.

समोरच्या घरातून चुलते ग्यानोबाकाका तरातरा आले. “अगं, काय करून राह्यलीस तू? उतर खाली! ती नावं गेली की तुझी परत जायची वाट बंद झाली म्हणून समज.”

“काका, तीच बंद करून राह्यले मी.”

“अन् उद्या तुला पोसंल कोण?”

“मला दोन हात हायत. शिडी धरायची असंल तर धरा, न्हाईतर सावलीला बसा.”

तोंड चाललं, पण पत्रा चालेना. मोराची मान निघाली, सुदर्शनचा ‘सु’सुद्धा हलेना. तळहाताला फोड आला. खाली गल्ली जमली होती. मला रडू आलं, ते रागानं आलं. माझ्या घराच्या भिंतीवरून त्या माणसाचं नाव मला काढता येऊ नये?

तेवढ्यात अण्णा उठले आणि आत गेले. वाटलं, लाजून गेले. त्या क्षणी मला त्यांचाही राग आला. पण ते परत आले, ते थिनरची बाटली आणि जुनं धोतर घेऊन.

“नुसत्या पत्र्यानं न्हाई निघायचं,” ते वर न बघता म्हणाले. “लई पक्का रंग हाय तो. आधी वल्लं कर, मग घास.”

ग्यानोबाकाका त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. अण्णांनी धोतर फाडलं, एकेक चिंधी भिजवून मला वर दिली. तांबडा रंग विरघळून माझ्या कोपरापर्यंत ओघळला. आधी त्याचं नाव गेलं, मग माझ्या नावामागचं ते चि. सौ. कां. गेलं, शेवटी मोर आणि मीही. दगडोबा तोंड फिरवून बसला होता. त्याचा ब्रश घेऊन मी तो चौकोन पिवळा केला. कडा वेड्यावाकड्या आल्या. येईनात का.

ब्रश हातात होता तोवरच जीप आली. व्यंकटराव उतरले, मागून सुदर्शन. तो भिंतीपाशी आला, नावं शोधू लागला आणि ओल्या जागेकडं त्यानं हात नेला.

“हात लावू नका,” मी शिडीवरूनच म्हणाले. त्यानं हात मागं घेतला. चार वर्षांत पहिल्यांदा.

व्यंकटरावांनी घर वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मिशीत हसले. “अण्णाराव, घराला रंग दिला की! कुणाचं लग्न काढलंय?”

अण्णांनी तांबडे झालेले हात उरलेल्या धोतराला पुसले.

“लगीन न्हाई, व्यंकटराव. लेक घरी आली हाय. च्या पिऊन जा.”