बाल्साचा तराफा

कासारसाईच्या धरणापलीकडं, उतारावरच्या आपल्या रानात फहमिदानं बाल्साची झाडं लावली, तेव्हा गाव हसलं होतं. झाडं भराभर ताडमाड वाढली. पण त्यांच्या लाकडात नख दाबलं तरी वण उठायचा.

"भाभी, असल्या भुसभुशीत लाकडाचं काय करायचं?" धाकटा दीर रईस म्हणायचा. त्यानं आपला वाटा इमारती बांधणाऱ्या एका शेठला विकला होता. आता विधवा भावजयीनंही विकावं म्हणून तो मागं लागला होता.

"पवनचक्कीच्या पात्यात हेच घालत्यात," फहमिदा सांगायची. "हलकं हाय, लेचंपेचं न्हाई."

ती ऐकेना, तेव्हा शेठनं रईसकडून घेतलेल्या तुकड्यातून जाणाऱ्या रानाच्या वाटेवर लोखंडी फाटक ठोकलं. फहमिदाचं, शेजारच्या धोंडाबाईचं आणि आणखी काही घरांचं रान पलीकडं अडकलं. तलाठ्याकडं केलेल्या तक्रारीला उत्तर एकच : "बघू."

फहमिदा बघत बसली नाही. मागच्या थंडीत तोडलेले बाल्साचे ओंडके तिच्या पडवीत वाळत होते. ओले होते तेव्हा दोन माणसांनाही उचलत नव्हते. आता एकेक ओंडका ती एकटी खांद्यावर टाकून धरणाकडं निघाली. हे लाकूड पाणी पितं, म्हणून तिनं त्यांना डांबर फासलं, आडवे बांबू टाकले आणि दोरानं करकचून तराफा आवळला.

काठावर बघ्यांची गर्दी झाली. रईस धावत आला. "भाभी, बुडाल की!"

"सरक रे," म्हणत धोंडाबाई खताचं पोतं घेऊन तराफ्यावर बसली. "बुडले तर तुझ्या नावानं बोंबलत बुडंन!"

तराफा जरासा दबला, डुलला आणि तरला. फहमिदानं वल्हं मारलं.

"किती दिस असं जाणार?" रईस ओरडला.

"रान हाय तवर! तुझ्या शेठला सांग, वाट अडवलीस, आता पाण्याला फाटक बसव!"

फाटक आजही बंद आहे. बाल्साचे तराफे मात्र तीन झाले. रान अडकलेली बाकीची घरंही त्यांवरूनच जातात. परवा शेठचा माणूस पुन्हा फहमिदाच्या दारात आला. जमीन एकदा नजरेखालून घालायची म्हणाला.

"या की," फहमिदा म्हणाली. "फाटक उघडलं तर आमीबी तिथनंच येणार. न्हाईतर बूट काढा आन् बसा तराफ्यावर."

त्यानं पाण्याकडं पाहिलं, तराफ्याकडं पाहिलं आणि गाडी हिंजवडीकडं वळवली. फहमिदा एकटीच पलीकडं गेली. तिला नवी रोपं लावायची होती.