खंडेनवमीला अडकलेला रुमाल

"शनवारपतूर हे डबडं भंगारात गेलं न्हाई, तर उसाची मोळी डोस्क्यावर घिऊन मी सोता काट्यावर हुभा ऱ्हातो!" हेडक्लार्क नानासो गरजले.

"आन् गेलं, तर मी हुभी ऱ्हाते," शेजारच्या चहाच्या टपरीवरून बनाबाई ओरडली. "पर वजन मोठ्यानं वाचायचं हं, नानासो!"

मित्रांनो, ते डबडं म्हणजे मी. इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात, वजनकाट्याच्या खोलीत बसलेला जुना युनिक्स सर्व्हर. एक्याण्णव साली आलो तेव्हा माझ्यापुढं नारळ फुटला होता. हेच नानासो मला रोज स्वतःच्या उपरण्यानं पुसायचे. आता शहाण्णव साली त्यांनी भंगारवाल्याला सांगावा धाडला. दिवस फिरले की उपरणंही फिरतं, बघा!

उसाच्या नोंदींची फाइल माझ्या पोटात. काट्यावरची माणसं त्यात लिहायची आणि पलीकडच्या शेतकी ऑफिसातली माणसंसुद्धा, तिथल्या धाकट्या मशीनवरून, वायरीतून. पण एका वेळी एकानंच. दोघं लिहायला लागले की नोंदीवर नोंद चढते. म्हणून जो लिहायला बसेल, त्याचं फाइलला कुलूप. तुम्ही एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता ना, अगदी तसं! रुमाल उचलेपर्यंत दुसऱ्याला मी बसूच देत नाही.

आणि हंगामाच्या पहिल्याच सकाळी पावती निघेना. बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. ऊस उन्हात वाळत होता, म्हणजे वजन घटत होतं. गाडीवानांच्या शिव्या सगळ्या माझ्या नावानं.

"ह्याला माणसंच वळखू येईनात," नानासो म्हणाले. "पासवर्ड इसारलंय ते."

मग सगळ्यांचे पासवर्ड दोनदा बदलले. फौजेतून आलेले वॉचमन हिंदुराव तर लय हुशार. इसराय नको म्हणून त्यांनी आपला पासवर्ड खडूनं दारावरच लिहिला!

तेवढ्यात नवी ऑपरेटर प्रियदर्शनी आली. तिनं कुणाला बोल लावला नाही. नाव सांगितलं, पासवर्ड दिला, मी आत घेतलं. फाइल उघडली, मी वाचू दिली. लिहायला गेली आणि मी थांबलो.

"नानासो, ह्यानं मला वळखलं, मग पासवर्ड बराबर हाय. वाचूबी दिलं. लिवतानाच अडतंय, म्हंजे कुणीतरी कुलूप लावून बसलंय."

"कोन बसलंय? हितं तर समदी हुभी हायती!"

तिनं मलाच विचारलं. इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं हो! मी लगेच सांगितलं: शेतकी ऑफिसातलं धाकटं मशीन.

सगळे तिकडं पळाले. मशीन कपड्याखाली झाकलेलं, वर वाळका झेंडूचा हार, कपाळावर कुंकू.

"हे कवा बंद केलं?"

नानासोंनी डोकं खाजवलं. "खंडेनवमीला. हत्यारांना त्या दिशी इसावा द्याचा असतोय. पूजा केली आन् वायर उपसली."

"फाइल उघडी असताना?"

"आता देवाच्या कामात फाइल कोन बघतंय, पोरी?"

शेतकीवाले तेव्हापासून बांधाबांधानं फिरत होते, त्यामुळं ते कुणी सुरूच केलं नव्हतं. धाकटा झोपी गेला आणि त्याचा रुमाल माझ्या बाकड्यावर तसाच राहिला. मी इमानदार, कसा उचलू?

प्रियदर्शनीनं हार बाजूला ठेवला, वायर लावली. धाकटा जागा झाला आणि पहिलं काम काय केलं, तर मला हाक मारली: "दादा, मी झोपलो होतो, माझे सगळे रुमाल काढून टाक!" मी काढले. काट्यावर पहिली पावती खर्रकन निघाली. गाडीवानांनी टोप्या उडवल्या. नानासोंनी भंगारवाल्याला परत पाठवलं.

मित्रांनो, मला जुना म्हणा, डबडं म्हणा. पण रागवायच्या आधी एकदा विचारा, "बाबा, तुझं कुठं अडलंय?" आणि उठताना आपला रुमाल उचलत जा. प्रियदर्शनीनं मला विचारलं, बनाबाईनं माझ्यावर पैज लावली. त्या दोघींचे उपकार माझ्या पोटातल्या कुठल्याच फाइलीत मावायचे नाहीत.

शनिवारी भर दुपारी, दीडशे गाड्यांसमोर, नानासो मोळी घेऊन काट्यावर चढले.

"उसाचा प्रकार काय लिहू, मावशी?" प्रियदर्शनीनं बनाबाईला विचारलं.

"खोडवा लिव! जुन्याच बुडख्याला फुटवा आलाय!"

मी पावती छापली. नानासोंनी ती वाचली, तोंडातल्या तोंडात.

"आवं, मोठ्यानं!"

"शंभर किलो!" नानासो ओरडले. मग खाली उतरले, डोक्यावरची मोळी बैलापुढं टाकली, खोलीत आले आणि उपरण्यानं माझी धूळ पुसली.