प्रदीपमामाचा पेशंट

होटगी रोडवरच्या एका वृद्धाश्रमात प्रदीप बनसोडे चौदा वर्षं मदतनीस होता. म्हाताऱ्यांना उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं, अंथरुणं बदलणं, सगळं तोच बघायचा. सगळे त्याला मामा म्हणत. बारावीनंतर त्याचा नर्सिंगला नंबर लागला होता, पण त्याच वर्षी वडील वारले आणि दोन धाकट्या बहिणींचं सगळं त्याच्यावर आलं. त्याविषयी तो कधी बोलायचा नाही. ते केव्हाच मागं पडलं, असं त्याला वाटायचं.

जुलैमध्ये सृष्टी आली. सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला. म्हातारपणी माणसं आपल्या पायांवर हिंडतीफिरती राहावीत म्हणून काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना पुण्याचा एक ट्रस्ट शिष्यवृत्ती द्यायचा, ती तिला मिळाली होती. आठवड्यातून तीन दिवस आश्रमात काम करायचं आणि निवडलेल्या एका पेशंटची प्रगती ट्रस्टच्या माणसांना दाखवायची, अशी अट होती.

तिनं निवडलं नागप्पांना.

नागप्पा दुधनीच्या बाजारात हमाल होते. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं आणि त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा सोडल्यावर त्यांना पहिल्यांदा उभं केलं ते प्रदीपनं. दुपारी झोपेत नागप्पा कानडीत पोती मोजायचे. ते ऐकूनच प्रदीपला सुचलं होतं. तो कानाशी लागून हळूच म्हणायचा, "ओंदु, एरडु, मूरु," आणि मूरु, म्हणजे तीन, ऐकताच नागप्पा उठायचे, जणू पाठीवर पोतं घ्यायचंय. मग रोज सकाळी व्हरांड्यात दोघं चार फेऱ्या मारायचे.

प्रदीपनं सृष्टीला बरंच शिकवलं. हाताला धरू नको, कमरेला धर. उठवायच्या आधी पाय जमिनीला लागू दे. ती वहीत लिहून घ्यायची. पण मोजणं त्यानं सांगितलं नाही; कानाशी वाकून नागप्पांना उठवायचा तोच, मग चालवायची ती. का, ते त्यालाही तेव्हा सांगता आलं नसतं.

मग पेपरात सृष्टीचा फोटो आला, नागप्पांच्या कमरेला धरलेला. ऑफिसातल्या बाईंनी बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. 'या विद्यार्थिनीनं नागप्पांना पुन्हा चालतं केलं,' असं त्यात होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, प्रदीपनंही वाजवल्या. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बायको चांगुणानं विचारलं, तर म्हणाला, "पित्त झालंय."

त्यानंतर सृष्टीचा आवाज कानावर पडला की तो हातातलं काम घेऊन दुसऱ्या खोलीत जायचा. तिचे पांढरे बूट, गळ्यातलं कार्ड, डॉक्टरांशी बोलताना सहज येणारे शब्द, सगळंच त्याला सलायचं. आपल्या बहिणीही अशाच शिकल्या, तेव्हा आपण खूश झालो होतो, हे आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटायची. पण लाज वाटली म्हणून जळणं काही थांबत नव्हतं.

ट्रस्टची माणसं आली त्या दिवशी नागप्पा खुर्चीत बसले होते. सृष्टी त्यांच्या कमरेला धरून म्हणाली, "काका, उठायचं हं. एक, दोन, तीन." नागप्पा हलले नाहीत. तिनं पुन्हा म्हटलं. ते दाराकडं बघत राहिले. दारात प्रदीप चहाचा ट्रे घेऊन उभा होता. तीन शब्द बोलायचा अवकाश होता. तो बोलला नाही. चहा ठेवून निघून गेला.

ट्रस्टच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. महिन्यानं पुन्हा बघू, तोवर शिष्यवृत्ती थांबवावी लागेल, असं त्या शांतपणे म्हणाल्या.

सृष्टी स्वयंपाकघरात आली. "मामा, माझं कुटं चुकलं?"

"मला काय म्हाईत," प्रदीप भांडी विसळत म्हणाला.

ती आठवडाभर आली नाही. प्रदीपला वाटलं होतं, बरं वाटेल. पण नागप्पांच्या खोलीत जायचं त्याच्या जिवावर यायला लागलं. ते दाराकडं बघत असायचे आणि त्याला ती नजर सोसायची नाही. सकाळच्या फेऱ्या आज राहिल्या, उद्या राहिल्या. आठव्या दिवशी अंथरूण बदलताना त्यानं पाहिलं, पाय सुजले होते आणि टाचेवर लाल चट्टा उठला होता. तो तिथंच खाली बसला. टाचेला हात लावला तसे नागप्पा कळवळले.

त्यानं सृष्टीला फोन केला. "उद्या ये. जरा काम हाय."

ती आल्यावर त्यानं नागप्पांना तिच्यासमोर मोजून उठवलं. ती बघतच राहिली.

"हे तुमाला आधीपासनं ठावं होतं?"

"व्हय."

"मग त्या दिवशी बोलला का न्हाय?"

"जळत होतो तुझ्यावर," प्रदीप म्हणाला. "चौदा वर्षं मी करतोय आणि फोटो तुझा आला."

तिनं वाकून नागप्पांच्या टाचेवरचा चट्टा पाहिला. मग म्हणाली, "माझी शिष्यवृत्ती गेली असती, मामा. घरी मेंढरं विकायला काढली होती आबांनी."

"मला ठावं नव्हतं."

"ठावं असतं तर बोलला असता?"

प्रदीपला खोटं बोलवेना. "सांगता येत न्हाय."

सृष्टीनं नागप्पांना खुर्चीत बसवलं, पायांखाली उशी दिली. पाठमोरीच म्हणाली, "मी बी जळायची तुमच्यावर. मी तास तास घालवायची यांच्यापाशी आणि हे सगळा वेळ दाराकडं बघायचे, तुमी येताय का म्हणून. माझं नाव बी घेतलं न्हाय कदी."

पुढचे पंधरा दिवस दोघांनी मिळून नागप्पांना पुन्हा चालतं केलं. दोघं कामापुरतंच बोलत होते. तिचे कानडी उच्चार ऐकून नागप्पा हसायचे, पण उठायचे. ट्रस्टच्या बाई आल्या तेव्हा ते फाटकापर्यंत चालत गेले, एका बाजूला सृष्टी, दुसऱ्या बाजूला प्रदीप. बाईंनी मोबाईल काढला. "मामा, जरा बाजूला होता का?"

प्रदीपनं हात सोडायला घेतला.

"राहू द्या त्यांना," सृष्टी म्हणाली. "हे सुटले तर काका पडतील."

शिष्यवृत्ती पुन्हा सुरू झाली. ट्रस्टच्या पुस्तिकेत तो फोटो आला. खाली सृष्टीचं नाव होतं, आणि 'आश्रमातील मदतनीस' एवढंच. चांगुणा म्हणाली, "तुमचं नाव न्हाय की."

"न्हाय," प्रदीप म्हणाला आणि पुस्तिका कपाटात ठेवली. आत कुठंतरी टोचलं, ते त्याला कळलं.

ते अजूनही कधी कधी टोचतं. फरक इतकाच, की आता तो सांगून टाकतो. परवा सृष्टीचा वाढदिवस म्हणून नागप्पांनी तिच्या हातावर आपल्या वाटणीचा पेढा ठेवला, तेव्हा प्रदीप म्हणाला, "आज परत लई जळतंय बघ."

"मग आजच्या फेऱ्या तुमी घ्या," ती म्हणाली, अर्धा पेढा त्याला दिला, आणि पलीकडच्या खोलीतल्या चन्नवीर आजोबांना उठवायला गेली.