उतारावरचा दुसरा गिअर

मार्गशीर्षातल्या उतरत्या दुपारी आंबोलीच्या माथ्यावर धुके चढते. पश्चिमेच्या दरीतून ते येते. शुभ्र, शीतल, निःशब्द येते. आधी झाडांचे पाय नाहीसे करते, मग खोडे, मग शेंडे. कारवीची काटकुळी राने, सोनसळी सुकलेले गवत, कातळावरून उरलीसुरली ओघळणारी रोड जलरेखा, सारे एकेक करून त्या धवलतेत विरते. शेवटी उरतो तो फक्त रस्ता. काळा, ओलसर, वळणावळणांचा रस्ता, आणि तोही पाच-दहा पावलांपुरता.

त्या पाच-दहा पावलांच्या रस्त्यावर, घाटाच्या अगदी तोंडाशी, एक छोटी लाल गाडी उभी होती. लाल म्हणायची ती आपली रीत म्हणून. पंधरा उन्हाळ्यांनी आणि पंधरा पावसाळ्यांनी तिचा रंग पार विटवून टाकला होता. इवलेसे इंजिन, पातळ पत्रा, करंगळीएवढ्या जाडीचे स्टीअरिंग, आणि खेळण्यातली वाटावीत अशी चाके. नव्या गाडीच्या दुकानात तिला कुणी दारातही उभे केले नसते.

आत स्टीअरिंगशी हेमलता धुरी बसली होती आणि तिला भीती वाटत होती.

शेजारी तिचा नवरा विश्राम बसला होता. तीस वर्षे त्याने मालकाचा टेम्पो याच घाटातून वर-खाली नेला. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी चहाची बशी त्याच्या उजव्या हातातून गळून पडली, आणि तेव्हापासून तो हात मांडीवर निजला तो निजलाच. दर गुरुवारी बेळगावला जाऊन त्या हाताला व्यायाम द्यायचा, मालीश करायची, बारीक विजेचे झटके द्यायचे. आजवर पुतण्या गाडी चालवत असे. गेल्या सोमवारी पुतण्याला गोव्यात नोकरी लागली. एसटीची पायरी विश्रामला चढवत नव्हती. आणि आजच तिथल्या व्यायाम देणाऱ्या बाईंनी बजावून सांगितले होते, की आता खंड पडला तर हाताची आशा सोडा.

म्हणजे प्रश्न साधा होता. हा घाट हेमलताला जमला, तर पुढचा गुरुवार होता. नाही जमला, तर नव्हता.

ती एक्कावन्न वर्षांची. गाडी शिकली ती सावंतवाडीत, मोती तलावाभोवती, पंधरा दिवसांच्या शिकवणीत. तलावाभोवतीचा रस्ता सपाट, सज्जन आणि गोल. तिथे दरी नसते.

आणि तरीही, खरे सांगायचे तर, आज सकाळी चढताना तिच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडली होती. ती तिने कुणाला सांगितली नसती. तिला मजा आली होती.

घाबरत घाबरतच ती चढली होती. पण तिसऱ्या-चौथ्या वळणावर तिला गाडी ऐकू यायला लागली. दुसऱ्या गिअरमध्ये ते इवलेसे इंजिन गुणगुणायचे; चढ वाढला की सूर खाली यायचा, पाय दाबला की वर जायचा. पातळ स्टीअरिंगमधून रस्ता थेट तळव्यात येत होता: हा खडा, ही भेग, ही ओल. गाडीत जोर कमी, म्हणून असलेला सगळा जोर कामाला लावावा लागत होता. वजन कमी, म्हणून नुसते मनगट वळवले की गाडी वळत होती. काही लपवत नव्हती, काही मिरवत नव्हती. बोलत होती. बत्तीस वर्षे अबोल माणसाशी संसार केलेल्या बाईला एवढे बोलणारे कुणीतरी भेटले, आणि तिला हसू फुटले. मग शेजारच्या मांडीवरचा तो निजलेला हात तिला दिसला आणि तिने हसू गिळले. मेल्या जिवाला लाजच वाटली तिच्या.

पण चढताना घाट समोर असतो. उतरताना समोर दरी असते.

माथ्यावर, पिंपळाच्या बुंध्याशी, राखणदाराचा शेंदरी पाषाण आहे. त्याच्यापाशी तीनदा हॉर्न वाजवून, देवाला गाऱ्हाणे घालून मगच खाली उतरायचे, ही या वाटेवरच्या गाडीवाल्यांची जुनी रीत. हेमलताने तीनदा हॉर्न वाजवला. तो एवढा किरटा वाजला की राखणदाराने ऐकला असेल की नाही, कोण जाणे.

विश्रामने डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, आज जी लेकरा तुझ्या वाटेन उतारतत, तेंचा वाकडा काय असात ता सरळ कर, आणि तेंका सुखरूप तळाक पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," हेमलता म्हणाली. तिचा आवाज हॉर्नहून किरटा होता.

गाडी सुटली. धुके फाटले, धुके मिटले. पहिले वळण आले आणि गेले. दुसरे आले आणि गेले. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन सकाळचाच सूर धरून होते, जरा उंच, जरा करकरीत, आणि त्या सुराला धरून हेमलता उतरत होती. तो करकरीत सूर विश्रामला मात्र सहन होईना.

"इंजिन कित्याक जाळतस? उतार आसा. न्यूट्रल घाल, गाडी आपसूक जाता."

"माका भय वाटता ओ."

"तीस वर्सां मी ह्यो घाट असोच उतारलंय. काय होवचा नाय."

तेलाचा थेंब वाचवणे हा त्याचा धर्म होता. उतार दिसला की गिअर काढायचा आणि टेम्पो मोकळा सोडायचा. थेंबाथेंबाने साठवलेल्या त्या काटकसरीचा त्याला भलताच अभिमान होता. भाग्य बलवत्तर म्हणून निभावले, हे त्याच्या कधी ध्यानात आले नव्हते. आणि हेमलता? जन्मभर जिने आमटीत मीठ-मिरचीही नवऱ्याच्या शब्दावर टाकली, ती गाडीच्या बाबतीत तरी वेगळे काय करणार? तिने क्लच दाबला आणि गिअर काढून घेतला.

गाडी मुकी झाली.

सूर गेला. गुणगुण गेली. उरली ती चाकांची ओली सळसळ, आणि काचेवर घासणारे धुके. सुरुवातीला ते बरेही वाटले, अलगद, तरंगते. मग वळण आले आणि तिने ब्रेक दाबला. पुन्हा वळण, पुन्हा ब्रेक. प्रत्येक वळणाला पाय जरा अधिक खोल जात होता. शिकाऊ माणसाला वाटते, चूक आपलीच असेल. मग एक वास आला. चुलीवर तवा विसरून शेजारणीशी बोलत बसावे, तेव्हा येतो तसला.

पाचव्या वळणाच्या अलीकडे तिने ब्रेक दाबला आणि पाय नुसता बुडाला.

"अवो! ब्रेक लागणा नाय!"

विश्रामचे तोंड उघडले आणि उघडेच राहिले. उजवा हात पुढे यायला हवा होता. तीस वर्षांच्या सवयीने त्याने त्या हाताला हाक मारली. हात आला नाही.

भीती म्हणजे काय, हे हेमलताला तेव्हा कळले. छाती धडधडणे ही भीती नव्हे, ती तर भीतीची मुलेबाळे. भीती म्हणजे एक पांढरी, प्रचंड, थंड शांतता. त्या शांततेत गाडी धावत होती, दरी धावत होती, कठड्याचे काळे-पांढरे दगड एकामागून एक धावत होते. पांढरा, काळा. पांढरा, काळा. आणि त्यांच्या पलीकडे काहीही नव्हते. तिला मरायचे नव्हते. या माणसाला घेऊन तर मुळीच मरायचे नव्हते.

धुक्यातून दोन पिवळे दिवे उगवले. चिऱ्यांनी भरलेला ट्रक, घोंघावत, रस्ता भरून वर येत होता.

त्या मुक्या क्षणी तिला एकच गोष्ट हवी होती: गाडीने बोलावे. सकाळसारखे बोलावे. कुणी शिकवले म्हणून नव्हे, नवऱ्याने सांगितले म्हणून तर नव्हेच. केवळ तो सूर परत यावा म्हणून तिने क्लच दाबला आणि गिअरचा दांडा तिसऱ्यात लोटला. गाडीने गचका दिला. पुन्हा क्लच. दुसरा! इंजिन किंचाळले. एवढ्याशा पिटुकल्या जिवाने सगळ्या घाटाला ऐकू जाईल असा टाहो फोडला, आणि सगळा उतार आपल्या अंगावर घेऊन चाकांना मागे ओढून धरले. वेग मोडला. तिने मनगट डोंगराच्या बाजूला वळवले. हलकी गाडी हलकेच वळली, डावे चाक गटाराच्या काठावरून खडखडत गेले, आणि ट्रकचा लाकडी फाळका तिच्या खिडकीपासून वीतभर अंतरावरून, लांबच लांब हॉर्न देत, निघून गेला.

पुढे रस्ता जरा रुंद होता. तिथे, सरपटण्याइतक्या वेगाने येत, तिने हातब्रेक ओढला आणि गाडी थांबवली. कठड्यावर माकडांचे एक कुटुंब बसले होते. त्यांनी या दोघांकडे अशा नजरेने पाहिले, की असली नवरा-बायको आम्ही रोज पाहतो.

हेमलता रडली. हमसून, हुंदक्यांनी, पदर तोंडात कोंबून रडली. पुढच्या चाकांतून बारीक निळसर धूर निघत होता, धुक्यात मिसळत होता. विश्राम बराच वेळ त्या धुराकडे पाहत राहिला.

"चुकलंय गो मी," तो म्हणाला.

बत्तीस वर्षांत हे वाक्य त्या तोंडातून प्रथमच निघत होते. तिला ते नीट ऐकूही आले नाही.

अर्धा-पाऊण तास त्यांनी चाके निवू दिली. तिने ब्रेक दाबून पाहिला. पाय आता अर्ध्यावर अडत होता. पण विश्वास एकदा बुडाला की असा अर्ध्यावर वर येत नाही. धुक्यात, भर घाटात मागे फिरता येत नव्हते. खाली उतरण्यावाचून गत्यंतर नव्हते. रडून झालेल्या माणसाला एक कोरडे धैर्य येते, तेवढे तिच्यापाशी होते. तिने किल्ली फिरवली.

"पयलो घाल. मगे दुसरो. ब्रेकाक उगाच हात नको... पाय नको लावू," विश्राम म्हणाला. मग त्याने एक गोष्ट केली. डाव्या हाताने त्याने आपला उजवा हात मांडीवरून उचलला, एखादे जड गाठोडे उचलावे तसा, आणि गिअरच्या दांड्यावर आणून ठेवला. "जुनी गाडी आसा. गिअर निसटाक नये. माझो हात खयच्या कामाचो नाय, पण वजन तरी आसा तेका."

तिने त्या हातावर आपला हात ठेवला. थंड होता तो.

आणि ते उतरले.

वळणामागून वळण, वळणामागून वळण. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन रोखून धरत होते, गुरगुरत होते, गात होते. वळणाआधी सूर चढायचा, वळणात उतरायचा. ती आता डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त चालवत होती. भीती कुठे गेली नव्हती. ती मागच्या सीटवर अंग चोरून बसली होती. पण तिच्या शेजारी सकाळची ती लाजिरवाणी मजाही येऊन बसली होती, आणि दोघींचे मुळीच भांडण नव्हते. स्वस्तातल्या त्या गाडीत रस्ता आणि माणूस यांच्यामध्ये कुणी मऊ गादी घातली नव्हती. प्रत्येक खडा तळव्याला कळत होता. इंजिनाचा प्रत्येक थरकाप त्या लोखंडी दांड्यातून वर चढत होता, दोन हातांच्या आत शिरत होता.

धुके वर राहिले. खाली साग दिसले, मग पोफळी, मग दाणोलीची कौले आणि मावळतीचे तांबूस ऊन.

"हेमा," विश्राम म्हणाला.

तिची नजर रस्त्यावर होती.

"हेमा, आंगठ्याक कायतरी कळता गो. मुंगयो चलतत तशा. गाडी थरथरता ना, ता माका कळता."

मागच्या सीटवरची भीती पुढे सरकली. पाचव्या वळणावर वाटली होती त्याहून खोल. तेव्हा सगळे जाईल ही भीती होती. आता काहीतरी परत येईल आणि पुन्हा जाईल ही भीती होती. तिने हाताकडे पाहिले नाही. पाहिले तर ते पळून जाईल असे तिला वाटले. तिने वेग वाढवला नाही, कमी केला नाही, गिअर बदलला नाही. सपाट रस्त्यावरही ती दुसऱ्याच गिअरमध्ये, करकरत, किंचाळत, गावभर हसे करून घेत घरापर्यंत आली.

अंगणात, फणसाखाली, गाडी थांबली. तिने डाव्या पायाने क्लच धरला, हातब्रेक ओढला, दांडा मोकळा केला. मग सवयीने तिचा हात किल्लीकडे गेला. घरासमोर नुसते इंजिन चालू ठेवलेले या माणसाला कधी खपले नव्हते.

"रवांदे," विश्राम म्हणाला. त्याचे डोळे मिटलेले होते, गालांवरून पाणी ओघळत होते. "बंद करू नको. चालूच रवांदे."

तिने किल्ली सोडली. हात पुन्हा त्याच्या हातावर ठेवला. तुळशीपुढे अंधार उतरत होता, कोंबड्या खुराड्याकडे परतत होत्या, शेजारी कुठे तरी दिवा लागला. फणसाखाली ती विटलेली लाल गाडी उभी होती, आणि तिचे इवलेसे इंजिन थरथरत होते. दांडा थरथरत होता, दांड्यावरचा अंगठा थरथरत होता, अंगठ्यावरचा हात थरथरत होता.

"व्हय म्हाराजा," हेमलता पुटपुटली, आणि इंजिन चालूच राहिले.