मोटारींचा पट

“मागची सीट कायले पायजे?” देवमन मिस्त्री गाडीखालून म्हणाला. “पटात गडी एकटाच हाकते. बाकीचं ओझं कोनासाठी न्याचं?”

“काढ बाबा, काढ,” हरिहर वकील म्हणाले. “तू म्हणशील तर दारंसुद्धा काढू.”

अंबापेठेतल्या त्यांच्या घरामागे फियाट चार दगडांवर चढवलेली होती. एरवी ही गाडी कोर्टात जायची, गुरुवारी मोझरीला जायची आणि वकीलसाहेबांच्या पत्नी चारुशीलाबाईंना हळदीकुंकवाला सोडायची. आता पाच दिवसांत तिचे बंपर गेले, सतरंजी गेली, स्टेपनी गेली. जॅक आणि पानेसुद्धा देवमनने पोत्यात बांधून ओसरीवर ठेवले.

मोटारींची शर्यत म्हणजे काय, हे त्या काळी अमरावतीत चार माणसांनाही धड ठाऊक नव्हतं. अकोल्याजवळ लढाईच्या वेळची विमानांची धावपट्टी होती. नागपूरच्या काही हौशी मंडळींनी तिथे रोजच्या वापरातल्या मोटारी पळवायचा घाट घातला आणि त्याचं इंग्रजी पत्रक वकिलांच्या हाती आलं. वकिलांनी ते वाचून खिशात घातलं आणि देवमनला एका वाक्यात समजावलं, “अरे, शंकरपटच आहे, फक्त बैलांच्या जागी मोटारी.”

शंकरपट वऱ्हाडातल्या माणसाला काय सांगावा! बैलजोडी सुटते, सरळ रानातून एका दमात पळते, आणि कोणाचं घड्याळ कमी भरलं तो जिंकतो. वळायचं नाही, परत यायचं नाही. देवमन लहानपणापासून हे बघत आलेला. तरी त्याने एक शंका विचारलीच.

“पट्टी सरल्यावर पुढं रान किती हाये?”

“भरपूर. सगळा मोकळा माळ.”

“मंग झालं.”

आणि त्याने चारी चाकांचे ब्रेक सैल केले. छकड्याच्या आखाला वंगण घालतात ना, तसंच. ब्रेक जरासाही घासला नाही की चाक मोकळं फिरतं. पायाखालचं पेडल तळापर्यंत जायचं, दोनदा दाबलं की गाडी रडतखडत थांबायची. शर्यत झाली की घरी येऊन पुन्हा आवळू, असा त्याचा हिशेब.

तुम्ही म्हणाल, ब्रेकशी असला खेळ कोण करतो? देवमनने तर मुळीच करायला नको होता. दोन वर्षांपूर्वी चिखलदऱ्याच्या घाटात एका खासगी कंपनीची बस दरीत गेली होती. ड्रायव्हर बुधाजी देवमनचा मावसभाऊ, तो गेला, आणखी तिघं गेले. ब्रेक देवमनने पाहिले होते. ब्रेक संपलेत, असं त्याने मालकाला सांगितलंही होतं. पण चौकशीत मालक म्हणाला, मला कोणी काही सांगितलंच नाही, आणि ठपका बसला मिस्त्रीवर. तेव्हापासून गावात एक म्हणच पडली, देवमनच्या हातची गाडी अन् देवाघरची वाट. पानठेल्यावर लोक हसत म्हणायचे, त्याच्या तोंडावर. बारा वर्षं मुरलेला मिस्त्री दोन वर्षं जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची गाठोडी वाहत होता.

वकिलांनी त्याला बोलावलं ते दुसरे मिस्त्री असल्या उपद्व्यापाला हात लावेनात म्हणून. जिनाचे मालक भगवंतराव वकिलांचे स्नेही. ते बोलून गेले होते, “देवमन, गाडी नीट पळाली पायजे. पळाली, तं माह्ये दोन्ही ट्रक तुह्या हवाली.” ते ऐकल्यापासून देवमन धड जेवला नव्हता. त्याची बायको शालू म्हणायची, “थोडं दमानं घ्या.” दमाने घेणार कसा? ही गाडी हरली तर पाना हातात धरायचा दिवस पुन्हा येणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

शर्यतीच्या दिवशी वकील मंडळी रेल्वेने गेली. गाडी देवमनने एकट्याने नेली, पहाटे निघून, बैलगाड्या चुकवत, दोन-दोनदा पेडल दाबत. धावपट्टीवर पोचला तेव्हा निम्मं अकोला तिथे लोटलं होतं.

पट्टीच्या दोन्ही टोकांना पांढरी रंगवलेली पिपं उभी होती. पिपांच्या मागे माणसं बसली होती, पोरंसोरं कडेवर घेऊन, भुईमुगाच्या शेंगा खात.

“वकीलसाहेब, पिपं कायले ठेवले जी?”

“वळसा घालायला. जायचं, वळायचं, यायचं. अशा दहा फेऱ्या.” वकील हातमोजे चढवत होते.

“तुमी तं पट म्हनलं होतं.”

“मग? पटच आहे. जरा लांबचा.”

देवमनने पिपांमागच्या माणसांकडे पाहिलं. त्याने वकिलांना बाजूला घेतलं आणि कानाशी लागून सगळं सांगितलं.

वकिलांचा चेहरा उतरला. “हे आत्ता सांगतोस? आवळ मग लवकर.”

“जॅक घरी हाये. वजनापायी काढला. अन् मिळाला तरी चार चाकायले घंटाभर लागते.”

वकील पंचांकडे धावले. पंच म्हणाले, दहा मिनिटांत निशाण पडेल, कोणासाठी थांबणार नाही. वकील परत आले ते घाम पुसत. “दोनदा दाबला की लागतो ना? तू इथवर आणलीसच की. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत अंदाज येईल. आण, चावी दे.”

जाऊ दे, दोनदा दाबला की लागतो. बसच्या मालकाचे शब्द थेट हेच होते. त्या दिवशी देवमनने एकदा सांगितलं होतं, हळू आवाजात, मान खाली घालून. मालकाने ऐकलं नाही आणि याने बुधाजीच्या हातात चावी दिली आणि घरी जाऊन जेवला. चौकशीत कोणी हे विचारलं नाही. पण दोन वर्षं त्याच्या मनाला तेच खात होतं. दोष आपला नव्हता हे खरं, पण चावी आपण दिली हेही खरं.

“चावी दे, देवमन.”

“नाई देत.”

“डोकं फिरलं का तुझं? लोक बघताहेत. उगाच शोभा करू नकोस, तुझीच होईल.”

खरंच होतं ते. भगवंतराव पाच हातांवर उभे राहून “काय झालं?” म्हणून विचारत होते. गप्प बसलं तर गाडी कदाचित पळालीही असती. तीन फेऱ्या, चार फेऱ्या. कदाचित दहाही. देवमनला क्षणभर इतका मोह झाला की त्याची मूठ सैल पडली. मग पिपांमागे एक बाई पोराला शेंग सोलून देताना दिसली.

“या गाडीले ब्रेक नाईत,” तो मोठ्याने म्हणाला. इतका मोठ्याने तो आयुष्यात बोलला नसेल. “म्या सैल केले. वकीलसाहेबाचा काई दोष नाई. मले समजलं नाई, सरळ पट वाटला. गाडी सुटनार नाई.”

गर्दीत अमरावतीचे होतेच. कोणीतरी ती म्हण म्हटली, आणि अकोल्याच्या लोकांनाही ती फार आवडली. हसू पंचांच्या मांडवापर्यंत गेलं. भगवंतराव हसले नाहीत. “माह्या ट्रकाचं राहू दे आता,” एवढंच म्हणून ते वळले.

निशाण पडलं. बाकीच्या अकरा गाड्या धुरळा उडवत गेल्या, पिपांना वळसे घालून आल्या, पुन्हा गेल्या. फियाट कडेला उभी होती. वकील तिच्याकडे पाठ करून सिगरेट ओढत होते.

सगळं आटोपल्यावर देवमनने नागपूरच्या एका ड्रायव्हरकडून जॅक आणि पाने मागून घेतले. वकील आत जाऊन पेडलवर पाय ठेवून बसले. देवमन एकेक चाक उचलून ब्रेक आवळू लागला.

“दाबा,” तो खालून म्हणे. “सोडा.”

चारही चाकं झाली. देवमनने प्रत्येक चाक पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. घाई केली नाही. हात पुसून त्याने चावी वकिलांना दिली.

“भगवंतराव येताहेत माझ्यासोबत,” वकील समोर बघत म्हणाले. “तू रेल्वेने ये.”

“हाव जी.”

गाडी निघाली. माळ ओलांडून सडकेला लागताना आडवी एक कडब्याची बैलगाडी आली. वकिलांनी एकदाच पाय दाबला असावा. फियाट जागच्या जागी उभी राहिली, बैलांपासून चांगली दोन हात अलीकडे. बैलगाडी सावकाश पार झाली, मग फियाट अमरावतीच्या बाजूला वळली.

देवमनने जॅक पुसून ड्रायव्हरला परत दिला आणि तो स्टेशनच्या वाटेने चालू लागला.