भाऊबीजेनंतरची गाडी

कणीस भाजणाऱ्या बाईने हातातला पुठ्ठा खाली टाकला आणि शांताबाईचा हात धरला.

"शांताबेन! आ वखते वहेलां? तमे तो भाईबीज पछी आवो ने!"

तिच्या नवऱ्याने, हिलालने, मागे वळून पाहिलं. चौतीस वर्षं कापडाच्या लूमवर काढल्यामुळे त्याचे कान अधू झाले होते, त्यात समोर गिराचा धबधबा ऑगस्टच्या गढूळ पाण्यानं नुसता गरजत होता. या वेळी लवकर कशा, तुम्ही तर भाऊबीजेनंतर येता? आपण चुकीचं ऐकलं असेल, असं त्याला वाटलं. दुसरी कुणी शांताबेन असेल. या नावाच्या बायका काय कमी आहेत?

पण शांताबाईने हात सोडवून घेतला नाही. टपरीच्या मागे जाऊन ती उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसली. न बघताच तिचा हात प्लास्टिकच्या कागदाआड गेला आणि मीठ-मिरचीची वाटी घेऊन बाहेर आला. ती बाई तिला गुडघ्यांचं विचारत होती.

"पप्पा, इथं या ना! फोटो!" वैभवने कठड्यापाशी हाक मारली.

रविवार होता. मुलाने नवी गाडी घेतली म्हणून आईबापांना पहिल्यांदाच सुरतेजवळच्या उधन्याबाहेर फिरायला आणलं होतं. हिलाल कठड्याला टेकून उभा राहिला. तुषार चष्म्यावर उडत होते. वैभव म्हणाला, हसा. तो हसला.

भाऊबीज पछी. दर वर्षी भाऊबीजेनंतर ती माहेरी निघाली की तोच तिला स्टँडवर सोडायला जायचा. आहव्यावरून ताहाराबादला जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा धरून द्यायचा. तिच्या पिशवीत भावासाठी, लोटूसाठी, ओवाळणीचं ताट आणि भावजयीसाठी साडी असायची. चार दिवसांनी ती परत आली की तो विचारायचा, लोटू बरा आहे ना? ती म्हणायची, बरा आहे, यंदा कांदा चांगला आलाय. एकदा तर लोटूच्या बैलाला लाळ्या झाल्याचंही तिने सांगितलं होतं. हिलालने दोन दिवस त्या बैलाची काळजी केली होती.

तो टपरीपाशी परत आला. बाई पाणी आणायला गेली होती.

"ती तुले कशी वळखस?"

शांताबाई कणसाचे दाणे एकेक करून सोडवत होती. "जमनाबेन शे ती. मी दरसाल आठेच येस." तिने टपरीपुढची जमीन बोटाने दाखवली.

"आन लोटू?"

"लोटूकडे सहा वरीस व्हयनात, गयी नही मी."

मग तिने सांगितलं. आई गेली त्या वर्षी तिने जमिनीतला वाटा सोडल्याच्या कागदावर सही करून दिली. पुढच्या वर्षी भाऊबीजेनंतर ती ओवाळायला गेली, तेव्हा लोटू दारातच म्हणाला, आता येण्याजाण्याची दगदग कशाला करतेस. भावजय आतून बाहेर आली नाही. शांताबाईने ओट्यावर ताट ठेवलं आणि त्याच दिवशी उलटी गाडी पकडली. इथं जवळच वघईला गाडी थांबली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, आजच्या आज घरी गेले तर काय सांगायचं? ती उतरली. जमनाबेन स्टँडवर बोरं विकत बसली होती. तिने विचारलं, कुठं जायचंय? शांताबाई तिच्या शेजारी जाऊन बसली.

"तिना घर चार दिन राहिनू. मंग दरसाल."

"माले काबर सांगं नही?"

"काय सांगू? मन्हं माहेर बंद पडनं?"

हिलाल उभाच होता. रागवावं तर कुणावर, हे त्याला कळेना. लोटूवर? त्याला तर तो सहा वर्षं आशीर्वाद पाठवत होता. हिच्यावर? ती खोटं बोलली होती, पण त्या खोट्यात तिने त्याचं काही बुडवलं नव्हतं. आणि तो बैल? तो बैल तरी खरा होता का? विचारायचं खूप होतं. तोंडातून भलतंच आलं.

"दिवाळीनंतर आठे पानी ऱ्हास का?"

"थोडं. दोन-तीन धारी. माणूस कोनी नही ऱ्हास तव्हय." तिने एक दाणा तोंडात टाकला. "तव्हयच चांगलं दिखास."

जमनाबेन कळशी घेऊन आली. तिने हिलालकडे नीट पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आ जमाई के?"

शांताबाईने मानेनेच हो म्हटलं. जमनाबेनने घरच्या जावयासाठी पुसावा तसा दुसरा क्रेट पदराने पुसला आणि त्याच्यापुढे सरकवला. निखाऱ्यांवरची कणसं बाजूला सारली, टोपलीतलं सगळ्यात कोवळं कणीस निवडून भाजायला ठेवलं. हिलाल बसला. त्याने कणीस दोन्ही हातांनी घेतलं. जमनाबेनने नागलीच्या पापडांचं पुडकं शांताबाईच्या मांडीवर ठेवलं.

"चला ने पप्पा, ट्राफिक थई जशे," वैभव चावी फिरवत आला. आईच्या मांडीवर ते पापडांचं पुडकं आणि तिच्या खांद्यावर त्या अनोळखी बाईचा हात पाहून तो थबकला. "मम्मी, कोण आहेत या?"

शांताबाई पुडक्याची गाठ पुन्हा बांधू लागली.

"मावशी शे तुन्ही," हिलाल म्हणाला. आपणच बोललो, हे त्याला जरा उशिराने उमगलं. "पाया पड."

वैभवने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा आईकडे. ती पाण्याकडे बघत होती. मग गोंधळून, चावी खिशात टाकत, तो खाली वाकला.