विटेचा कोपरा

फारुखभाईंनी सुईत जाड दोरा ओवला, रजईच्या एका कोपऱ्यावरची वीट पायाने बाजूला सारली आणि तो कोपरा मुलीच्या हातात दिला.

"ताणून धर. सैल सोडलास तर कापूस पळतो."

सबाने धरला. यावलच्या या दुकानात तो कोपरा तीस वर्षं फारुखभाईंच्या बहिणीचा, मदिनाफुफीचा होता. गेल्या रमजानआधी फुफी गेली, तेव्हापासून विटेचा. वीट कामाला चोख होती, फक्त बोलत नव्हती.

तसं फुफीचं खरं काम रजईचं नव्हतंच. फारुखभाईंना काही थेट सांगितलं की ते मिटून जात. मग चार दिवस घरात नुसती सुई बोले. म्हणून घरातला प्रत्येक निरोप आधी फुफीकडे जाई. ती भावासमोर भिंतीला टेकून बसे. केळीच्या बागा, वारा, शिरपूरचा कापूस असं काहीबाही बोलत त्यांना मोकळं करी आणि दाराकडे बघून खाकरे. ज्याचा निरोप त्याने तेव्हा आत यायचं. तिचा दर ठरलेला होता. गणितात नापास, एक चहा. सबाच्या भावाने, आकिबने स्वतः पसंत केलेली मुलगी, दोन दुपारी मिळून सहा चहा. सबाचं पुण्याला शिकायला जाणं, अख्खा पावसाळा. निरोप पोचला की फुफी कप घासायला उठून जाई आणि वाहवा फारुखभाईंच्या मोठ्या मनाची होई.

सबाच्या पर्समध्ये जर्मनीला संशोधनासाठी बोलावणारं पत्र तीन दिवस पडून होतं. उत्तर उद्या द्यायचं होतं.

"तू पुण्याला प्रयोगशाळेत करतेस तरी काय?" दोरा दाताने तोडत त्यांनी विचारलं.

सबाने सोपं करून सांगितलं. पेशीत काही प्रथिनं निरोप घेणारी असतात. एकटी पडली की त्यांची घडी बिघडते, निरोप दाराशी येऊन परत जातो. म्हणून दुसरं एक प्रथिन त्यांना धरतं, जरा वळवतं, निरोप बसेल एवढी जागा उघडी ठेवतं. त्याला शॅपरोन म्हणतात. ताप वाढला की पेशी ते जास्त बनवते.

"मग आपल्या यावलला मे महिन्यात पोत्याने निघेल."

सबा हसली.

"आणि निरोप पोचल्यावर?"

"ते बाजूला होतं, अब्बा."

सुई कापसात तशीच राहिली. थोड्या वेळाने ते आत गेले आणि स्वतः केलेला चहा घेऊन आले. कप दोन. आपल्या जागेवर न बसता ते भिंतीला टेकले.

"केळीवर यंदा करपा कमी दिसतो," ते म्हणाले.

सबा बघत राहिली. गप्पा मारणं त्यांचं काम नव्हतं. मग ते वाऱ्याबद्दल बोलले, अडखळत. शिरपूरच्या कापसाबद्दल बोलले. त्यातलं निम्मं चुकीचं होतं. चहा संपला. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि खाकरले.

दारात कोणीच नव्हतं.

"जर्मनी, अब्बा. चार वर्षं."

फारुखभाईंनी रजईकडे पाहिलं. टाक्यांच्या दोन ओळी अजून बाकी होत्या.

"सोड," ते म्हणाले.

त्यांनी तिच्या बोटांतून कोपरा काढून घेतला, त्यावर वीट ठेवली आणि दोन्ही कप उचलून घासायला निघून गेले.